मोलकरणीला मोल, गृहिणीला मान, प्रेयसीला काय?

१/ समतेचा विचार जगाला देणाऱ्या एका तत्त्ववेत्त्यासाठी एक स्त्री ३३ वर्षे स्वयंपाक करीत होती, त्याचे कपडेलत्ते सांभाळीत होती, दुखण्याखुपण्यात त्याच्या उशाशी बसत होती. त्यांपैकी पहिली २३ वर्षे ती त्याची पत्नी नव्हती. लोकांसमोर तिची ओळख 'घर पाहणारी बाई' अशी करून दिली जाई. तो तत्त्ववेत्ता म्हणजे जाँ जाक रूसो आणि ती स्त्री म्हणजे तेरेझ लव्हासर.

२/ लग्न नाही, लग्नाचे वचन नाही, तरीही प्रियकराची खोली आवरणारी, त्याचा डबा भरणारी, त्याच्या आईच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवणारी तरुणी आज पुण्या-मुंबईत सहज आढळते. 'ती फारच भोळी' असे म्हणून तिच्या मैत्रिणी विषय संपवतात. परंतु हा एकेकीच्या स्वभावाचा प्रश्न नाही. त्यामागे एक जुनी व्यवस्था आहे. हा धागा त्या व्यवस्थेविषयी.

३/ साल १७४५. पॅरिसमध्ये सोरबोनजवळच्या एका साध्या निवासगृहात रूसो उतरला होता. तेथे कापडचोपड धुण्या-शिवण्याचे काम विशीतील तेरेझ करीत असे. जेवणाच्या मेजावर इतर पाहुणे तिची थट्टा करीत. रूसोने तिची बाजू घेतली. जवळीक वाढली. तिला कधी सोडणार नाही, परंतु तिच्याशी कधी लग्नही करणार नाही, असे आपण आरंभीच स्पष्ट केले होते, हे रूसोने आत्मचरित्रात स्वतःच नोंदवले आहे.

४/ हा करार नीट पाहण्याजोगा आहे. पुरुषाला साहचर्य, घर आणि शुश्रूषा या तिन्हींची हमी मिळाली. स्त्रीला मिळाला केवळ शब्द. त्यांना झालेली पाचही मुले एकामागून एक पॅरिसच्या अनाथालयात सोडण्यात आली. हा निर्णय रूसोचा होता. तेरेझ रडत रडत त्यापुढे झुकली, हेही त्यानेच लिहिले आहे.

५/ याच घरात १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेला विषमतेवरील निबंध लिहिला गेला. १७६२ मध्ये 'सामाजिक करार' आणि 'एमिल' हे ग्रंथ आले. 'एमिल'च्या पाचव्या भागात स्त्रीशिक्षणाचा विचार आहे. स्त्रीचे सारे शिक्षण पुरुषाच्या संदर्भात असावे. त्याला आवडणे, त्याच्या उपयोगी पडणे, त्याची काळजी घेणे हेच तिचे सर्वकाळचे कर्तव्य, असा त्याचा आशय. तीस वर्षांनी, १७९२ मध्ये, मेरी वुलस्टनक्राफ्टने या मांडणीवर कठोर टीका केली.

६/ एक तपशील विशेष बोलका आहे. ग्रंथलेखनाच्या उत्पन्नावर विसंबायचे नाही, म्हणून रूसो उदरनिर्वाहासाठी संगीताच्या प्रती करून देई आणि त्याचे पैसे पानांच्या हिशेबाने घेई. आपल्या हातच्या कामाला किती वेळ लागतो आणि त्याचा दर काय, हे त्याला पुरते ठाऊक होते. शेजारच्या चुलीपाशी चाललेल्या कामाला मात्र पाने नव्हती, म्हणून दरही नव्हता.

७/ १७६२ मध्ये अटकेचा हुकूम निघाला आणि रूसो स्वित्झर्लंडकडे निसटला. तेरेझ मागोमाग गेली. मोतिए गावी, पुढे इंग्लंडमध्ये, पुन्हा फ्रान्समध्ये. प्रत्येक ठिकाणी मोडलेला संसार तिने नव्याने मांडला. १७६४ च्या डिसेंबरात जेम्स बॉझवेल मोतिएला भेटीस आला. त्याच्या रोजनिशीत रूसोच्या संभाषणाबरोबर तेरेझने वाढलेल्या जेवणातील पदार्थांचीही यादी आहे. तत्त्ववेत्त्याची भेट त्या पानावाचून पुरी होत नव्हती.

८/ १७६८ मध्ये बुर्गोआँ येथे दोन साक्षीदारांसमोर रूसोने तिला पत्नी म्हणून स्वीकारल्याचे जाहीर केले. कायद्याच्या दृष्टीने त्या विधीला विवाहाचे मोल नव्हते. १७७८ मध्ये रूसो निवर्तला. १७९० मध्ये क्रांतिकाळातील राष्ट्रीय सभेने तिला वर्षाला १२०० लिव्रचे निवृत्तिवेतन मंजूर केले, तेही 'रूसोची विधवा' म्हणून. ३३ वर्षांच्या कष्टांची सरकारदरबारी नोंद झाली ती कष्टांच्या नावे नव्हे, मृत पुरुषाच्या नावे.

९/ रूसोची बाजूही पाहिली पाहिजे. त्याने तिला खरोखरच सोडले नाही. तिच्या आईचा आणि नातलगांचा भार बराच काळ त्याच्या तुटपुंज्या मिळकतीवर होता. तो दुष्ट नव्हता. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते. नाते दुष्टाव्याने बिघडले असते तर तो एका माणसाचा दोष ठरला असता. येथे माया होती, निष्ठा होती. तरीही एकाचे काम पानागणिक मोजले गेले आणि दुसरीचे गृहीत धरले गेले.

१०/ मराठी भाषेने या प्रश्नाची एक खूण जपली आहे. 'मोलकरीण' म्हणजे मोल घेऊन काम करणारी. मोल कितीही तोकडे असो, ते शब्दातच मान्य केलेले आहे. 'गृहिणी' किंवा 'घरधनीण' या शब्दांत मोल नाही, पण घरावरचा अधिकार आहे. निदान तसा दावा आहे. प्रेयसीच्या घरकामाला मात्र भाषेत शब्दच नाही. त्याला 'काळजी' म्हणतात आणि काळजीचा हिशेब मागणे असभ्य मानले जाते.

११/ अर्थशास्त्राला हा पेच शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आर्थर पिगू याने १९२० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, एखाद्या पुरुषाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. स्वयंपाक तोच, हात तेच, चूल तीच. बदलले ते फक्त नाते. पगार थांबला आणि काम हिशेबातून नाहीसे झाले. प्रेयसीच्या बाबतीत तर लग्नाचीही गरज उरत नाही.

१२/ 'एकट्या पुरुषाने जेवायचे कोठे?' या प्रश्नाला मुंबईच्या गिरणगावाने दिलेले उत्तर वेगळे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांच्या बायका गावी शेत, सासुरवाड आणि मुले सांभाळीत. ते कामही बिनमोलच होते. शहरात मात्र जेवण खाणावळीत असे. चाळीतील एखादी बाई दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी आणि पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते होत.

१३/ या बायका ओझ्याखाली वाकलेल्या होत्या, सावकारांच्या कर्जात होत्या. संपाच्या काळात त्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. त्यांची परिस्थिती आदर्श नव्हती. परंतु भाकरी थापणे हे काम आहे, त्याला वेळ, कौशल्य आणि भांडवल लागते, हे तेथे सर्वांना मान्य होते. म्हणूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या बायकांसाठी कष्टकरी म्हणून बँकेकडे कर्ज मागता आले.

१४/ आता आजचा भाड्याचा फ्लॅट पाहा. तीन-चार मुलगे एकत्र राहतात. भाडे, वीज, इंटरनेट, गॅस सिलिंडर यांची विभागणी मोबाइलवरील ॲप रुपयापर्यंत करते. शनिवारी एकाची मैत्रीण येते. सिंकमधील भांडी घासली जातात, कणीक मळली जाते, चादरी मशीनमध्ये जातात. सिलिंडर कोणी भरला हे ॲपला ठाऊक असते. त्यावर कोणी रांधले, याची नोंद करण्यास तेथे रकानाच नाही. रूसोच्या घरची पाने येथे पुन्हा उलटली जातात.

१५/ शासकीय आकडेवारीतही ती सापडणे कठीण. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरगुती कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ कमी झाली. शिवाय या गटात मोजली जातात ती 'कुटुंबातील सदस्यांसाठी' केलेली कामे. प्रियकर कुटुंबाचा सदस्य नसतो.

१६/ मग कायदा? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने 'विवाहसदृश' नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले. २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या मर्यादा आखल्या. केवळ शनिवार-रविवार एकत्र घालवणे पुरेसे नाही. आणि पुरुष जिचा खर्च उचलतो पण जिचा वापर मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा नोकरासारखा करतो, तिचे नाते विवाहसदृश ठरणार नाही. म्हणजे तिला नोकरासारखे वागवले गेले, हेच तिला संरक्षण नाकारण्याचे कारण ठरू शकते.

१७/ २०१३ मध्ये इंद्रा सर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने विवाहसदृश नात्याच्या खुणा सांगितल्या. त्यांपैकी एक खूण अशी: घर चालवण्याची, झाडलोट आणि स्वयंपाकाची जबाबदारी, विशेषतः स्त्रीवर, सोपवलेली असणे. विसंगती लक्षात घ्यावी. बाईने रांधले हा नात्याचा पुरावा मानला जातो, पण त्या रांधण्याची किंमत कोणी ठरवत नाही. स्वयंपाक करणे म्हणजे जवळजवळ पत्नी असणे, ही समजूत न्यायालयाच्या कसोटीतही शिरली आहे.

१८/ घरकामाला आकडा मिळतो तो बहुधा मृत्यूनंतर. २००१ च्या लता वाधवा निकालात, आगीत दगावलेल्या ३४ ते ५९ वयोगटातील गृहिणींच्या सेवेचे मोल महिना ३००० रुपये धरले गेले. २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात, अपघाताची भरपाई ठरवताना, न्यायालयाने २०१९ च्या त्याच सर्वेक्षणाचा दाखला देऊन गृहिणीच्या श्रमांचे महत्त्व मान्य केले. भरपाई मिळते ती वारसांना. प्रियकर वारस नसतो, प्रेयसीही नसते. म्हणजे मेल्यानंतरचा हा हिशेबसुद्धा तिच्या वाट्याला येत नाही.

१९/ 'प्रेमात हिशेब नसतो' हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो अर्धाच खरा आहे. आजारी माणसाला पेज करून देताना कोणी घड्याळ लावू नये. परंतु हिशेब न ठेवण्याचे औदार्य दोघांचे असावे लागते. एकजण भाडे, बढती आणि अभ्यासाचे तास मोजतो आणि दुसरीने आपले तास मोजले की ते प्रेमाला कमीपणा आणणारे ठरते. अशा वेळी हिशेब नसतो असे नव्हे, तो एकाच बाजूने ठेवलेला असतो.

२०/ दुसरे उत्तर असते: 'मग बाई लावा.' पगार देऊन, सुट्टी देऊन, माणुसकीने काम करून घेणे गैर नाही. २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्याने घरकामगारांना निदान कामगार म्हणून नाव दिले. पण पोळीला बाई आणि बाईला निरोप देणे, तिची वाट पाहणे, रजेच्या दिवशी पदर खोचणे हे पुन्हा प्रेयसीकडेच राहिले, तर एका स्त्रीचे काम थोडे दुसरीकडे सरकले, एवढेच. पुरुषाच्या हातातील ८८ मिनिटे जागची हलत नाहीत.

२१/ विवाहाबाहेरचे प्रेम अधिक मोकळे, अधिक समान असेल, अशी आधुनिक काळाची आशा होती. ती आशा खोटी नाही. परंतु त्या नात्यात पत्नीची कर्तव्ये आधी आली आणि तिचे हक्क उंबऱ्याबाहेरच राहिले. मोलकरीण पगार घेऊन दुसरे घर पाहू शकते. पत्नी पोटगी मागू शकते. प्रेयसी निघून जाते तेव्हा तिच्या हाती काहीच नसते. आणि त्या घरात राहिलेला पुरुष तोवर परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो, नोकरीत स्थिरावलेला असतो, एखादा ग्रंथ लिहून मोकळा झालेला असतो.

२२/ म्हणून पहिली गरज शब्दाची आहे. प्रियकराच्या घरी केलेल्या कामाला 'काळजी' नव्हे, 'काम' म्हणावे. काम म्हटले की विचारता येते: ते किती, कोणाचे, आणि उद्या कोणाच्या पाळीचे. ज्या नात्याला हा प्रश्न सोसत नाही, ते नाते प्रेमावर नव्हे, त्या कामावर उभे आहे. रूसोचे अवशेष १७९४ मध्ये समारंभपूर्वक पाँतेआँमध्ये नेण्यात आले. तेरेझ १८०१ मध्ये एका लहान गावी वारली. त्याच्या ग्रंथांत तिने कमावून दिलेले तास आहेत. ते कोणत्याही पानावर नोंदवलेले नाहीत.

(धागा समाप्त)