‘१०’ म्हणजे किती?

‘१०’ म्हणजे किती, असा प्रश्न महाविद्यालयाच्या वर्गात कोणी विचारला तर हशाच पिकेल. तरीही संगणकाच्या प्रात्यक्षिकाला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो आधी विचारावा, असे मला वाटते. कारण ‘१०’ हे केवळ लेखन आहे. दशमान पद्धतीत ते दहा, द्विमान पद्धतीत दोन आणि षोडशमान पद्धतीत सोळा. पाया सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे नवे वाटू नये. आपण ‘तेरा’ म्हणतो, शेजारच्या बाकावरचा मित्र ‘हदिमूरु’ म्हणतो. शब्द दोन, संख्या एकच. तसेच दशमानातले १३ आणि द्विमानातले ११०१ ही एकाच संख्येची दोन रूपे होत. रीतही सोपी आहे. तेराला दोनने भागत जावे: भागाकार ६, बाकी १, मग ३, बाकी ०, मग १, बाकी १, शेवटी ०, बाकी १. बाक्या खालून वर वाचल्या की ११०१.

ही खटपट आज कोण करतो? युनिक्सवर १९७५ पासून ‘बीसी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. एक ओळ टाइप करावी की उत्तर हजर. त्यात ‘आयबेस’ म्हणजे आपण देणार त्या संख्येचा पाया आणि ‘ओबेस’ म्हणजे उत्तराचा पाया. आता गंमत पाहा. द्विमानातल्या ११०१ चे दशमान रूप हवे म्हणून विद्यार्थी आधी आयबेस २ करतो, मग ओबेस १० करतो. उत्तर येते ११०१! यंत्र बिघडले काय? मुळीच नाही. आयबेस २ झाल्यावर पुढचे ‘१०’ सुद्धा यंत्राने द्विमानातलेच मानले, म्हणजे दोन. ओबेस आधी ठरवला असता तर १३ मिळाले असते. ज्याने बाक्या हाताने मांडल्या आहेत तो हे चटकन ओळखतो. बाकीचे मात्र उत्तर वहीत उतरवून मोकळे होतात.

अपूर्णांकात तर गोष्ट अधिक गंभीर होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे आणे सोळा होते. एक आणा म्हणजे एक सोळांश. द्विमानात तो नेमका ०.०००१ असा लिहिता येतो. पावकी-निमकीचा परवचा म्हणणाऱ्या पिढीचा हिशेब संगणकाला तंतोतंत मानवला असता! उलट आपला साधा एक दशांश द्विमानात ०.०००११००११... असा चालतच राहतो, संपत नाही. कुठे तरी तो तोडावा लागतो.

त्या तोडण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती आणि तो दशांश चोवीस द्विमान अंकांत तोडून ठेवलेला होता. सुमारे शंभर तास सतत चालल्यावर घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकले. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

म्हणून कोणी ‘बीसी’ वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. वीस अंकी संख्येचे रूपांतर हाताने करीत बसणे हा वेळेचा अपव्ययच. आग्रह इतकाच की प्रथम चार उदाहरणे कागदावर सोडवावीत, नंतर हेच काम करणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहावा आणि तिसऱ्या पायरीवर तयार साधन हाती घ्यावे. प्राध्यापकांनीही प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत ‘उत्तर काय आले?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणत्या पायावर?’ हेही विचारावे. त्या एका प्रश्नाने विद्यार्थी गोंधळला, तर त्याच्या वहीतील सारी बरोबर उत्तरे आपण पुन्हा तपासलेली बरी.