फॉरमॅट मारण्याआधी

मागच्या महिन्यात चार दिवस चेन्नईला ताईकडे होतो. तिचा फ्लॅट अण्णा नगरात, टॉवर पार्कच्या जवळ. पाहुणा कॉम्प्युटरवाला आहे ही बातमी मजल्यावर पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी समोरच्या घरातला इंजिनिअरिंगचा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा. "अंकल, डिस्क गेली म्हणतात." काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ, आणि हातात एका दुकानाचा कागद: नवीन एसएसडी, विंडोज टाकणे, डेटाची हमी नाही.

एफ-टू दाबून सेटअपमध्ये शिरलो. स्टोरेजच्या पानावर एसएसडी मॉडेल नंबरासकट, पूर्ण क्षमतेनिशी हजर होती. पुरती मेलेली डिस्क अशी हजेरी देत नाही. बूटच्या पानावर मात्र लेगसी मोड निवडलेला, सिक्युअर बूट बंद. खोदून विचारल्यावर मुलाला आठवले की हॉस्टेलमधल्या मित्राने जुन्या पेनड्राइव्हवरून काहीतरी चालवून पाहिले होते. मोड पुन्हा यूईएफआय केला, सिक्युअर बूट चालू केले, सेव्ह करून बाहेर पडलो. विंडोज सुरू झाली. ताईने दिलेली कॉफी अजून गरम होती.

आपल्यापैकी कुणाला यात नवल वाटू नये. नवल वाटायचेच तर त्या कागदाचे वाटावे. कारण तसला कागद टपकीर गल्लीत आणि लॅमिंग्टन रोडवरही रोज फाडला जातो. "विंडोज उडालीय, मारून देतो" हे वाक्य आपल्या धंद्यात इतके गुळगुळीत झाले आहे की उडाले ते नक्की काय, हे पाहायचे राहूनच जाते.

लेगसी पद्धतीत बायोस तसा आंधळा असतो. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, तो मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर उतरवतो, शेवटच्या दोन बाइटांत 55 आणि एए ही खूण आहे का बघतो आणि सूत्रे त्याच्या हाती देऊन मोकळा होतो. त्या सेक्टरात कोडला जागा 446 बाइट, पार्टिशनच्या तक्त्याला 64, खुणेला 2. फाइल म्हणजे काय हे बायोसला ठाऊकच नसते. यूईएफआयला फॅट फाइलसिस्टिम वाचता येते. बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये बूटच्या नोंदींची यादी असते. त्या यादीप्रमाणे ते ईएफआय पार्टिशनमध्ये जाते, विंडोजच्या बूट मॅनेजरची फाइल शोधते, सिक्युअर बूट चालू असेल तर तिची सही तपासते आणि मग चालवते. मुलाची डिस्क जीपीटी होती. तिच्या पहिल्या सेक्टरात 'ही डिस्क जीपीटी आहे, हात लावू नका' एवढे सांगणारा राखणदार तक्ता असतो. लेगसी मोडने तिथे डोकावून पाहिले, त्याला चालवण्याजोगे काही सापडले नाही, आणि त्याने तसे सांगितले. मशीन खरेच बोलत होते. चूक ऐकणाऱ्याची होती.

चेन्नईच्याच दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सेम्मंचेरीत, अमेरिकन मेगाट्रेंड्सचे केंद्र आहे. मशीन चालू करताना हे नाव आपण हजारदा वाचले आहे. 1985 साली अमेरिकेत सुब्रमोनियन शंकर यांनी पॅट सर्मा यांच्यासह उभारलेल्या या कंपनीचे फर्मवेअर जगभरच्या बोर्डांवर चालते. त्या फर्मवेअरचे सेटअप पान उघडायला एक कळ पुरते, पण आपल्यातले बरेच जण ते पेनड्राइव्हचा क्रम बदलण्यापुरतेच उघडतात.

पूर्वी या आळसाची किंमत कमी होती. फॉरमॅट मारला तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून लग्नाचे फोटो, टॅलीचा बॅकअप बहुधा परत मिळायचा. आता नाही. त्या मुलाच्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. फॉरमॅट मारला असता तर रिकव्हरीला फक्त खिचडी दिसली असती. फर्मवेअरच्या सेटिंग्ज मूळ होत्या तशा झाल्या म्हणून टीपीएमने मुकाट्याने किल्ली दिली. नाहीतर 48 आकडी रिकव्हरी की मागणारा निळा पडदा आला असता. म्हणून सेटिंग बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मी काढतो.

आणखी एक गोष्ट येऊ घातली आहे, तिची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सिक्युअर बूटमध्ये मायक्रोसॉफ्टची जी प्रमाणपत्रे आहेत ती 2011 ची. त्यांची मुदत जून 2026 पासून संपू लागते. विंडोजच्या बूट मॅनेजरवर ज्या प्रमाणपत्राची सही असते त्याची ऑक्टोबर 2026 मध्ये. त्या तारखेला मशीन बंद पडणार नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकाला उगाच घाबरवू नका. पण नवी, 2023 ची प्रमाणपत्रे अपडेटमधून आली नसतील तर बूट मॅनेजरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्या मशीनवर चढणार नाहीत. आपल्या हातून होणारा घोटाळा वेगळाच आहे. जुन्या बोर्डावर सवयीने 'फॅक्टरी कीज' रिस्टोअर कराल, तर अपडेटने टाकलेली नवी प्रमाणपत्रे पुसली जातील. बूट मॅनेजर नव्या सहीचा झालेला असेल तर फर्मवेअर त्याला दारातच अडवेल. तेव्हाही कुणीतरी म्हणेलच, विंडोज उडाली.

फॉरमॅट इतका लोकप्रिय का, याचे खरे कारण अज्ञान नाही. फॉरमॅटला दर आहे. दोन तास मशीन टेबलावर ठेवले, पट्टी सरकताना दिसली, की गिऱ्हाईक बिनतक्रार पैसे देते. चार मिनिटांत मोड बदलून दिला तर "एवढंच होतं?" म्हणून पाकीट खिशात परत जाते. अण्णा नगरातल्या त्या मुलाची आई पैसे विचारायला आली तेव्हा माझ्याही तोंडी आकडा आला नाही. इतकी वर्षे या धंद्यात काढून! शेवटी तिने डबाभर मुरुक्कू दिले आणि मी ते घेतले.

दुकानातल्या दरपत्रकावर फॉरमॅटच्या वर आता 'बूट तपासणी' अशी एक ओळ लिहून घेतली आहे. दर ठरवताना भागीदाराशी वाद झाला, तो अजून चालू आहे. तुमच्याकडे ही ओळ असेल तर आकडा किती ठेवला आहे ते कळवा.