रानातील हद्द आणि नवी खोती

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील रानाला सध्या सोन्याचा भाव आला आहे. कर्जत-खालापुरापासून मुळशी-मावळापर्यंत आणि दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत जेथे म्हणून चार झाडे व एक ओहोळ एकत्र सापडतो, तेथे शहरातील पैसा दाखल झाला आहे. झाडीतला एखादा एकराचा तुकडा घ्यावा, त्यावर टुमदार घर बांधावे आणि आठवड्यातले दोन दिवस निसर्गाच्या सान्निध्यात काढावेत, हे धनिक व पांढरपेशा वर्गाचे नवे स्वप्न आहे. या स्वप्नाच्या जाहिरातींत धुके असते, धबधबा असतो. हद्द मात्र नसते. ती सापडते खरेदीखत नोंदवून झाल्यावर, तारेचे कुंपण घालायला मजूर आणले म्हणजे. शेजारचा खातेदार येऊन सांगतो की आंब्याच्या अलीकडचा बांध त्याचा आहे. वनरक्षक दाखवून देतो की वनहद्दीचा बुरूज नियोजित जोत्याच्याही खाली आहे. आणि पलीकडच्या वाडीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन नेहमीच्या पायवाटेने भावी दिवाणखान्यातून सरळ निघून जातात.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आधी मोजणी करून घ्यावी, तीस वर्षांचा शोध काढावा, चांगला वकील गाठावा. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. हद्दीचा प्रश्न हा घेणारा, विकणारा आणि फार तर शेजारी एवढ्यांपुरता खाजगी तंटा आहे, असे हे गृहीत आहे. तेच मुळात तपासून पाहिले पाहिजे. रानातील हद्द अस्पष्ट राहण्यात काहींचा निश्चित लाभ आहे. आणि ती स्पष्ट केली जाते तेव्हाही, ज्याच्या नावावर कागद नाही त्या माणसाला पुसूनच स्पष्ट केली जाते.

आजच्या हद्दींचा उगम मुंबई इलाख्याच्या भूमापनात आहे. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी त्याची घडी बसवली आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप खेड्यापाड्यांत आजही चालते. त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता सारा ठरवणे. ज्या जमिनीतून सारा मिळायचा ती सरकारने काटेकोरपणे मोजली. भातखाचराला बांध होता, पीक होते, आकार होता. डोंगरउतारावरील वरकस रानाची गोष्ट निराळी. तेथून राबासाठी पाला, गुरांसाठी गवत आणि चुलीसाठी लाकूडफाटा येई. सारा किरकोळ, म्हणून तिच्या हद्दीची आस्थाही किरकोळ.

पुढे पिढ्यांगणिक वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर हिश्शाला पोटहिस्सा आणि पोटहिश्शाला आणखी एक अक्षर लागत गेले. नकाशावर मात्र बहुतेक ठिकाणी त्या वाटणीची रेघ कधी पडलीच नाही. म्हणजे ‘अमुक नंबरपैकी वीस गुंठे’ हे शब्द विकता येतात, पण ते वीस गुंठे डोंगरावर नेमके कोठे आहेत हे विकणाऱ्यालाही दाखवता येत नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याची जमीन, दक्षिणेस रान. क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विसंगती आल्यास न्यायालये सामान्यतः चतुःसीमेला अधिक वजन देतात. पण ओहोळ पात्र बदलतो, अमका गिरणीत नोकरीला जाऊन मुंबईतच संपतो आणि रान तर चारी दिशांना असते. १९०८च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. १९६६ची महसूल संहितादेखील सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरावी, एवढेच म्हणते. या दोन कागदांच्या फटीत आज कोट्यवधींचा व्यापार चालला आहे.

याच फटीत दलाल उभा आहे. तो स्वतः क्वचितच मालक होतो. पाच-पंचवीस सामाईक वारसांपैकी मुंबईला गेलेल्या दोघा-तिघांना गाठून तो कुलमुखत्यारपत्र घेतो, अविभाज्य हिस्सा विकत घ्यायला लावतो आणि जागेवर मात्र रस्त्यालगतचा, पाण्याजवळचा तुकडा दाखवतो. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास १९४८च्या कूळकायद्याने घातलेली बंदी आणि तुकडेजोडीच्या १९४७च्या कायद्यातील निर्बंध यांच्यातून वाट काढून देणे हीदेखील त्याची सेवा असते. कोकणाने हा माणूस पूर्वी पाहिला आहे. कसणारा एक आणि सरकार दुसरे, यांच्या मध्ये बसून दोघांच्याही नावाने अधिकार गाजवणाऱ्या खोताविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून वर्षानुवर्षे संप चालवला. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोती गेली. आता ती कुलमुखत्यारपत्राचे रूप घेऊन परतली आहे. जुना खोत पिकाचा वाटा घेई. नवा खोत हद्दीच्या संदिग्धतेचा वाटा घेतो.

यात शासन तटस्थ आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रानाची एक हद्द महसूल खात्याच्या दप्तरात असते आणि दुसरी वनखात्याच्या. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमान्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. परंतु अनेक ठिकाणी त्याची नोंद सातबाऱ्यावर झाली नाही, अनेक ठिकाणी झाली ती दशके उलटल्यावर, आणि दरम्यान त्याच जमिनींची खरेदी-विक्री चालूच राहिली. १९८०च्या वनसंवर्धन कायद्याने आणि ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ धरावा असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशाने वनजमिनीचा वापर बदलण्यावर कडक बंधने आली. तरीही दोन दप्तरांतील विसंवाद मिटला नाही.

या विसंवादाचा लाभ कोणाला होतो, हे पाहण्यासाठी पुण्याच्या कोंढवा बुद्रुकचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन महसूल यंत्रणेने १९९८ साली शेतीच्या नावाखाली खाजगी हाती दिली आणि पुढे ती गृहनिर्माणासाठी विकली गेली. हे वाटप बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी दिला. एवढेच नव्हे, तर महसूल खात्याच्या ताब्यातील वनजमिनी अशाच रीतीने खाजगी हाती गेल्या आहेत काय, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांनी विशेष पथके नेमावीत असाही आदेश दिला. एका गावातील चूक असती तर देशभर पथके नेमण्याचे कारण पडले नसते. याउलट, मुंबई परिसरातील ज्या वसाहतींवर खाजगी वनाचा शिक्का बसला होता, त्यांना ३० जानेवारी २०१४च्या निर्णयाने दिलासा मिळाला. जुन्या नोटिशीवर पुढील कार्यवाहीच झाली नसेल तर केवळ तिच्या आधारे जमीन वन ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय योग्यच होता. पण तो मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत लढण्याची ऐपत लागली. सातबाऱ्यावरील तसलाच शिक्का रायगडच्या कातकऱ्याच्या झोपडीवर बसतो तेव्हा त्याच्या बाजूने दिल्लीला कोण जातो?

हद्दीच्या तंट्यात ज्याचे नावच घेतले जात नाही, तो हा माणूस. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. मूळ मालकाला वीटभट्टीसाठी, कोळशासाठी, शेतीसाठी हात हवे होते तोवर वाडीला कोणी हरकत घेतली नाही. जमीन विकली गेली की नव्या मालकाच्या दृष्टीने वाडी हे अतिक्रमण ठरते. धनगराची गुरे ज्या उतारावर पिढ्यानपिढ्या चरली, ठाकरांनी ज्या झऱ्याचे पाणी भरले, ज्या टेकाडावर वाडीने आपली माणसे पुरली, ती सगळी जागा कुंपणाच्या आत जाते. आंबोली, गेळे, चौकूळ येथील कबुलायतदार-गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न दशकानुदशके भिजत पडला तो याचमुळे: कसणारे पिढीजात, पण कागद त्यांच्या वैयक्तिक नावाचा नाही.

मोजणीनेही हा अन्याय आपोआप मिटत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येतो तेव्हा नोटीस जाते ती लगतच्या खातेदारांना. वाट वापरणाऱ्याला नोटीस नाही, झरा वापरणाऱ्याला नाही. जादा शुल्क भरणाऱ्याला मोजणी लवकर मिळते. वास्तविक जुन्या भूमापनानेही या हक्कांची थोडी जाण ठेवली होती. सातबाऱ्यावर पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. ‘अ’ वर्गात लागवडीस अयोग्य जमीन येते, तर ‘ब’ वर्गात रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्या वापरातील ओहोळ किंवा तळे, स्मशान असे सार्वजनिक उपयोगाचे क्षेत्र येते. म्हणजे जो खरेदीदार सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्रावर नजर ठेवून पैसे मोजतो, त्याने अनेकदा गावाची वाटसुद्धा विकत घेतल्याची समजूत करून घेतलेली असते. ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला कधीच नव्हता.

यावर तंत्रज्ञानाचे भक्त म्हणतील की ड्रोन आले, उपग्रहाचे नकाशे आले. आता हद्दीचा घोळ इतिहासजमा होईल. केंद्राची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, पण तिचे क्षेत्र गावठाणातील घरे हे आहे; रानाचा उतार तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय यंत्र रेघ अचूक काढील. रेघ कोणाच्या सांगण्यावरून काढायची, हे यंत्र ठरवीत नाही. चुकीच्या वाटणीची अचूक मोजणी म्हणजे अन्यायाला मिळालेला शिक्का होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भविष्यनिर्वाह निधीतून आयुष्याची कमाई घालून दहा गुंठे घेणारा निवृत्त कारकून हाही शोषक काय? तो शोषक नाही. तो फसवला गेलेला माणूस आहे, आणि समाजवादी चळवळीने त्याला कातकऱ्याच्या विरोधात उभे राहू देता कामा नये. दोघांचे नुकसान एकाच ठिकाणाहून होते. फरक एवढाच की कारकुनाचा पैसा जातो आणि कातकऱ्याचे पाणी जाते. त्या दोघांना बांधावर एकमेकांशी भांडायला लावून दलाल तोवर पुढच्या गावी पोहोचलेला असतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. रानाच्या कोणत्याही हिश्शाची विक्री नोंदवण्यापूर्वी त्याची शासकीय मोजणी झालीच पाहिजे, आणि नकाशाशिवाय अविभाज्य हिस्सा विकता येता कामा नये. मोजणीची नोटीस ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे; वाट, पाणी, चराई व स्मशान यांचे हक्क जागेवरच नकाशात दाखवून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढवले पाहिजेत. महसूल व वन या दोन्ही खात्यांनी गावोगाव संयुक्त मोजणी करून एकच नकाशा जाहीर केला पाहिजे. खाजगी जमिनीवरील आदिवासी वाड्यांखालील जागा संपादन करून तेथे गावठाण घोषित केले पाहिजे. आणि मोजणीचा खर्च विकणाऱ्याने व शासनाने सोसला पाहिजे, कारण संदिग्धतेचा नफा आणि मुद्रांकशुल्क त्यांनीच घेतलेले आहे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार अडवलेली वाट किंवा पाणी मोकळे करून घेता येते, मात्र अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. कुंपणाचा पहिला खांब पुरला जातो त्या दिवसापासून ही मुदत मोजली पाहिजे. वीस वर्षे अखंड, उघड आणि हक्काने वापरलेल्या वाटेला १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचे संरक्षण आहे. त्यासाठी वाडीतल्या वृद्धांचे जबाब आजच लिहून ठेवावेत. जेथे जमीन वन ठरलेली आहे, तेथे २००६च्या वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक व सामूहिक दावे ग्रामसभेपुढे आणावेत. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला हुसकावता येत नाही. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, हे महसूल संहितेतील बंधन तलाठ्याला फेरफाराच्या वेळीच लेखी हरकत देऊन आठवून द्यावे. नोंद प्रमाणित झाल्यानंतरचा मोर्चा उशिराचा असतो.

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या रानात शेतकरी व आदिवासी जंगल सत्याग्रहासाठी जमले आणि परकीय सरकारच्या गोळ्यांना सामोरे गेले. गाव आणि रान यांच्यामध्ये सत्तेने ओढलेली रेघ त्यांना मान्य नव्हती. आजची रेघ तारेची आहे आणि तिच्यामागे बंदुकीऐवजी नोंदणीकृत दस्त आहे. तो दस्त वाचता येणारा, नकाशा पसरून गावाला समजावणारा आणि मोजणीच्या दिवशी साखळीमागे चालणारा कार्यकर्ता ज्या गावात असेल, त्या गावची पायवाट कोणाच्या दिवाणखान्यात संपणार नाही.