गृहव्यवस्था : हाउसबोटीची हिवाळी आवराआवर

श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याचा हिवाळा, सुरू होतो. दल सरोवरातील ज्या हाउसबोटी या दिवसांत बंद ठेवावयाच्या असतात, त्यांची आतली आवराआवर पुष्कळ आधी, उन्हात ऊब आहे तोवरच उरकावी लागते. ओला गालिचा नंतर वाळत नाही.

गालिचे व नमदे झाडून, ऊन दाखवून, डांबराच्या गोळ्या घालून गुंडाळावेत. घडी घालू नये. गाद्या उभ्या टेकवाव्यात. थंडीपेक्षा दमटपणा अधिक घातक, ही गोष्ट मात्र नवशिक्यास पटत नाही. तो दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो आणि वसंतात अक्रोडी कपाट उघडतो, तो आत बुरशी! कपाटांची दारे किंचित उघडी ठेवावीत, वाऱ्यास एखादी वाट असावी. देवदाराच्या भिंती सहजासहजी कुजत नाहीत. पडद्यांवरील लोकरी कशिद्याचे तसे नाही.

नळांतील पाणी पूर्ण काढून टाकावे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते व नळी फोडते. भरलेली सुरईही मागे राहू देऊ नये. बुखारीतील राख काढावी. राख ओल धरते, पत्रा गंजतो.

इतके करूनही किल्ली खिशात घालून निश्चिंत होता येत नाही. मोठ्या हिमवर्षावानंतर छपरावरील बर्फ उतरविण्यास माणूस हवाच. त्या भाराने बोट दबते, एरवी पाण्याच्या वर राहणाऱ्या फळ्यांच्या सुकलेल्या फटी पाण्याखाली जातात, आणि नीट गुंडाळून ठेवलेले गालिचेच प्रथम भिजतात.