जोडगोळी

एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम अधिक क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. चिंता, उदासी, छातीत धडधड, रात्र-रात्र जागरण, यांतलं काहीही घेऊन दवाखान्यात गेलं की आपल्याकडे ही एकत्र गोळी चिठ्ठीवर उतरण्याची शक्यता बरीच. अनेक कंपन्या ती आपापल्या नावांनी विकतात. रोज रात्री एकच गोळी, लक्षात ठेवायला सोपी. आमची तक्रार या सोपेपणाबद्दलच आहे.

एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध. मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारा पंप ते अडवतं. पंप काही तासांत अडतो, पण मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी सहाही. मधल्या काळात रोग्याच्या वाट्याला येते ती मळमळ, अस्वस्थता आणि आणखीच उडालेली झोप. कित्येक जण इथेच ‘मला ही गोळी सोसत नाही’ म्हणून औषध टाकून देतात. तेवढे दिवस निभावून न्यायला जाणते डॉक्टर सोबत थोडं क्लोनाझेपाम देतात, आणि त्यात काही चूक नाही. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्यापाशी असतंच. क्लोनाझेपाम त्याचा जोर वाढवतं. तासाभरात धडधड बसते, डोळा लागतो.

गोची यापुढे आहे. बाहेरून रोज मदत मिळू लागली की मेंदू आपला हात आखडता घेतो. मग एखाद्या दिवशी गोळी चुकली की झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. ही लक्षणं मूळ आजारासारखीच असल्यामुळे रोग्याची खात्री पटते की आजार जागच्या जागी आहे आणि गोळीवाचून आपलं चालायचं नाही. म्हणूनच क्लोनाझेपाम दोन-चार आठवड्यांत उतरवत आणायचं असतं. एस्सिटालोप्रामचा हिशेब उलटा: बरं वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवायचं. एकाने लवकर निघायचं, दुसऱ्याने मुक्काम ठोकायचा, आणि दोघांना आपण एकाच गोळीत कोंबलं आहे. चालू ठेवावी तर क्लोनाझेपाम अंगात मुरतं. बंद करावी तर नैराश्य परतण्याचं भय. घरोघरी यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘अर्धी करून घ्या’. अर्ध्या गोळीत एस्सिटालोप्राम उरतं ५ मिलिग्रॅम, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना अपुरं. क्लोनाझेपाम उरतं ०.२५, सवय टिकवायला पुरेसं.

श्रेयाची वाटणीही चुकते. पहिल्याच रात्री लागलेली झोप लक्षात राहते, महिन्याने हलकं झालेलं मन राहत नाही. त्यामुळे पुढे कधी डॉक्टरांनी दोन्ही औषधं वेगळी करून दिली, तरी रोगी नेमकं टिकवायचं ते सोडतो आणि सोडायचं ते टिकवतो. वर नातेवाईक बजावतात, ‘त्या डिप्रेशनच्या गोळ्या नकोत हं, सवय लागते.’ सांगणाऱ्याच्या उशाशी क्लोनाझेपामच्याच कुळातल्या अल्प्राझोलामची पट्टी असते! नैराश्याची औषधंही एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. तीही हळूहळूच कमी करावी लागतात. पण त्यांच्यासाठी जीव कासावीस होत नाही, किंवा मनानेच डोस वाढवत नेण्याचा मोह होत नाही.

आता मेडिकलच्या काउंटरवर उभं राहा. साठीचे गृहस्थ शर्टाच्या खिशातून या जोडगोळीच्या पट्टीचा कापलेला तुकडा काढतात. तुकडा इतका चुरगळलेला की नाव जेमतेम वाचता येतं. मुदतीची तारीख असलेला भाग तर केव्हाच कात्रीखाली गेला. ‘चिठ्ठी?’ पोरगा विचारतो. ‘नेहमीचीच आहे की.’ विचारपूस संपली, दहा गोळ्या हातात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही अशीच सवय लावणारी औषधं मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदून ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. क्लोनाझेपाम तर अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्याच्या यादीत. कायदा कमी पडत नाही, कात्री पुढे पळते.

त्या गृहस्थांच्या शरीरात क्लोनाझेपाम निम्म्यावर यायलाच तीस-चाळीस तास लागतात. म्हणजे आजची गोळी उतरण्याआधी उद्याची पोटात. पहाटे लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. दिवसा विसरायला होतं ते घरचे वयाच्या खात्यावर टाकतात. जोडीला दारू असेल तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं.

हे काही काल कळलेलं नाही. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं क्लोनाझेपामच्या कुळातलं पहिलं औषध, लिब्रियम, १९६० मध्ये बाजारात आलं आणि १९६३ मध्ये व्हॅलियम. आधीच्या बार्बिट्युरेट जातीच्या झोपेच्या औषधांपेक्षा ती खूपच सुरक्षित होती, म्हणून जगभर सढळ हाताने लिहिली गेली. ब्रिटनने १९८८ मध्येच दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सांगितली; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या साऱ्या कुळावर सवयीचा ठळक इशारा छापायला लावला. फिट थांबवायला, दारू सोडवताना, शस्त्रक्रियेआधी ती आजही मोलाची आहेत. आमचा रोष औषधावर नाही, जोडीवर आहे.

तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतो, चिठ्ठी फॅमिली डॉक्टरच लिहितात. त्यांच्याकडे आमचं एवढंच मागणं: दोन औषधं दोन ओळींवर लिहा आणि क्लोनाझेपामच्या ओळीपुढे ते कधी थांबवायचं ती तारीख घाला. केंद्राने २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी जाहीर केली होती. या जोडीचीही तशीच झाडाझडती घ्यायला हरकत काय?

वाचकांनी आपल्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचावीत. दोन नावं दिसली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं. पण हे वाचून गोळी आज रात्रीच बंद करू नका: बरेच दिवस घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक तोडलं तर फिट येऊ शकते.