जुने इमारती सामान आणि उक्ता सौदा

शेतमाल विकताना आपण कसे नाडले जातो याविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते. परंतु शेतकरी जेव्हा खरेदीदार म्हणून उभा राहतो, तेव्हा तो गाठीचे किती घालवितो याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. गोठा, कांदाचाळ, खताची कोठी किंवा गड्यांच्या खोल्या बांधण्यासाठी आपले पुष्कळ बांधव शहरात पाडलेल्या इमारतींचे सामान आणतात. पुण्यानाशकातले जुने वाडे, मुंबईच्या चाळी व गिरण्यांच्या इमारती मोडल्या गेल्या, त्यांतून निघालेले सागवान, मंगळुरी कौले, चुन्यातली वीट, घडीव दगड व लोखंडी तुळया खेड्यापाड्यांत येऊन पोहोचल्या आहेत. हा माल घेणे शहाणपणाचेच आहे. जुन्या इमारतीतल्या पक्क्या, मुरलेल्या सागासारखा साग आज नव्या लाकडात सहज मिळत नाही. आमची तक्रार मालाविषयी नसून तो ज्या रीतीने घेतला जातो त्या रीतीविषयी आहे.

ती रीत म्हणजे उक्ता सौदा. पाडकामाच्या ठेकेदाराने ढिगाकडे बोट दाखवून एक आकडा सांगावा, आपण त्याच्या पाऊणपट बोलावे, चहा व्हावा, आणि मधल्या कोठल्या तरी आकड्यावर हातावर हात पडावा. घेणारा समाधानाने घरी येतो, कारण त्याने भाव ‘पाडला’ असतो. पण मुळात तो आकडा कशाचा होता? मोहोर पाहून आंब्याची बाग उक्ती देणारा मालक आणि झाडे मोजून ती घेणारा बागवान, यांत नफा कोणाचा होतो हे आपणांस ठाऊक आहे. उक्त्या सौद्यात जो मोजून आला तो जिंकतो. ठेकेदार बहुधा इमारतीच्या मालकाला आधी पैसे देऊन पाडकाम घेतो, आणि ते देण्यापूर्वी त्याने प्रत्येक तुळई व प्रत्येक चौकट मनात मोजलेली असते. त्याच्यासमोर आपण नुसते बोलण्याच्या बळावर जातो, हे काही बरे नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट, लाकूड मापाने घ्यावे. रुंदी व जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागले की घनफूट निघतात. ६ इंच रुंद, ८ इंच जाड व १५ फूट लांब तुळई ५ घनफूट भरते. आता तिची दोन्ही टोके पाहावीत. भिंतीत गाडलेले टोक ओल धरते, म्हणून कूज व वाळवी प्रथम तेथेच लागते. दाभण टोचून पाहावे. ती लोण्यात गेल्यासारखी जाते तेथवरचा भाग लाकूड म्हणून मोजूच नये. दोन्ही टोकांचा दीड दीड फूट असा गेला तर उरले १२ फूट, म्हणजे ४ घनफूट. समजा, भाव घनफुटाला २,००० रुपये ठरला आहे. मोजले नाही तर १०,००० जातील, मोजले तर ८,०००. एका तुळईवर २,००० रुपये उतरविण्यास कितीही गोड बोलले तरी घासाघीस पुरत नाही. दाभण व फूटपट्टी पुरते. आपल्या पोत्यांवर कडता कापला जाताना आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ती विद्या येथे न्यायाने वापरण्यास हरकत कोणती?

खिळ्यांचाही विचार करावा. आत मोडून राहिलेला खिळा करवतीचे पाते खातो, म्हणून सॉमिलवाला जुने लाकूड कापण्यास कुरकुर करतो किंवा जादा मजुरी मागतो. खिळे काढून देण्याचे काम कोणाचे, हे भावाबरोबरच ठरले पाहिजे. कडीपाटाच्या कड्यांना सांध्यासाठी पाडलेल्या खाचा असतात. अशी कडी पुन्हा लांब गाळ्यावर टाकता येत नाही, तिचे आखूड तुकडेच होतात. तेव्हा तिला आखूड लाकडाचाच भाव द्यावा. लोखंडी तुळया वजनाने मिळतात, परंतु त्यांना चिकटलेले सिमेंटही त्याच भावाने तोलले जाते, हे विसरू नये. काटा तिऱ्हाइताचा असावा आणि गाडी रिकामी व भरलेली अशी दोन्ही वेळा तोलावी.

कौलांत फसगत निराळ्या तऱ्हेने होते. मंगळुरी कौलाचे वजन साधारण अडीच किलो धरले, तर ४,००० कौले म्हणजे १० टनांचा भार झाला. १०० चौरस फूट पाख्याला दीडशेच्या आत-बाहेर कौले लागतात, म्हणजे ही गरज घरूनच काढून जाता येते. कौले मात्र फुटतात. उतरविताना फुटतात, गाडीत फुटतात, आपल्या अंगणात उतरतानाही फुटतात. ठेकेदाराच्या जागेवर मोजून पैसे दिले की ही सर्व फूट आपली झाली. सौदा ‘साबूत कौलाला इतके’ असा करावा व शेवटची मोजणी आपल्या दारात व्हावी. ते त्याने नाकारल्यास फुटीची ठरावीक वजावट आधीच घ्यावी. गाडीत कौले आडवी न रचता उभी, गवताच्या आधाराने लावून घ्यावीत. विटेचे दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाहण्याची रीत ठीकच आहे. पण संशय असल्यास कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. कोरड्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक पाणी प्यालेली वीट भिंतीला नको. चुन्यातली वीट सहज साफ होते, सिमेंटमधली साफ करताना निम्मी हातात राहते, म्हणून दोघींना एक भाव देणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

आता ठेकेदाराची अडचण कोठे आहे तेही पाहू, कारण भाव तेथेच उतरतो. त्याला मालकाने जागा मोकळी करण्याची मुदत घातलेली असते. लोखंड व साग विकून तो आपली रक्कम आधी उभी करतो. त्यानंतर उरलेली कौले, विटा व दगड त्याला धन न वाटता ओझे वाटू लागतात. त्या घटकेला जो रोकड व गाडी घेऊन उभा राहतो आणि ‘चार दिवसांत सर्व उचलतो’ असे म्हणतो, त्याच्या शब्दाला वजन येते. उलट वैशाखात, डोक्यावर मृग आलेला असताना, घराचे पाखे उघडे टाकून गेलेल्या माणसाची निकड त्याच्या चेहऱ्यावरच वाचता येते. गाडीभाड्याचेही तसेच. आपला भाजीपाला व कांदा घेऊन शहरात गेलेल्या कित्येक मालमोटारी परत रिकाम्या येतात. परतीच्या फेरीचे भाडे आधी ठरविले, तर जे पैसे ठेकेदाराशी भांडून वाचत नाहीत ते येथे वाचतात.

हे सारे एकट्याला साधणे कठीण आहे. एकाला हजार कौले हवीत, दुसऱ्याला आठ तुळया, तिसऱ्याला नुसता जोत्याचा दगड. मग तिघेही निरनिराळ्या दिवशी जाऊन किरकोळीचा भाव देतात. खत व बियाणे एकत्र मागविण्याची सवय आपणांस आहे. ज्यांना येत्या उन्हाळ्यात बांधकाम करावयाचे असेल, त्यांनी दिवाळीनंतरच गरजेच्या याद्या एकत्र करून, गावचा सुतार व गवंडी बरोबर घेऊन, पाडकाम उभे असतानाच माल पाहावा, असे आमचे मत आहे. सुताराची एका दिवसाची मजुरी द्यावी लागेल, ती आनंदाने द्यावी. मात्र भाव पाडण्याच्या भरात विटा साफ करणाऱ्या मजूर बायांच्या रोजावर डोळा ठेवू नये; तो पैसा ठेकेदाराच्या नफ्यातून यावा, त्यांच्या पोटातून नव्हे.

जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते कापता-फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग उत्पन्न करते. लाकडाची पावती, इमारतीच्या ठिकाणासह, लिहून घ्यावी. १९२७ च्या वन कायद्याने लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला दिला आहे, म्हणून सागवान गाडीत भरण्यापूर्वीच वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारणा करून परवान्याचा प्रश्न मिटवावा; नाक्यावर अडलेल्या गाडीचा खोळंबा सर्व नफा गिळून टाकतो.

एकत्र खरेदीवर आक्षेप येतो तो वाटणीचा. चांगला माल कोणी घ्यावयाचा यावरून सोयरेसुद्धा वर्षभर बोलत नाहीत, हे खरे आहे. त्यावर उपाय जुनाच आहे. माल गावात उतरल्यावर सुताराने प्रतीप्रमाणे ढीग लावावेत, प्रत्येक ढिगाचे माप व किंमत सर्वांसमक्ष लिहावी, आणि सारख्या ढिगांच्या चिठ्ठ्या एखाद्या लहान मुलाकडून उचलवाव्यात. ज्याने सौदा केला त्याची चिठ्ठी शेवटी निघावी.