पावसाचा मालक कोण?



सायंकाळी दुकान वाढवून वडील घरी येतात, तेव्हा मुलगा किंवा मुलगी कानांवर हेडफोन चढवून संगणकावर संगीत जुळवीत बसलेली असते, हे दृश्य आता आपल्या अनेक घरांतून दिसते. या संगीतात ना बंदिश असते, ना शब्द. सिंथेसायझरचे संथ, लांबवर पसरणारे स्वर आणि त्यांच्यामागे कोठेतरी पडणारा पाऊस किंवा दुरून जाणारी आगगाडी, एवढाच त्याचा ऐवज. याला 'अँबिअंट' म्हणजे वातावरणाचे संगीत म्हणतात. वडिलांना वाटते, यात संगीत ते कोणते? मुलांना वाटते, इंटरनेटवर सापडलेला पाऊस फुकटच आहे. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिल्या समजुतीविषयी बोलायचे तर या कलेला पाऊणशे वर्षांची परंपरा आहे. फ्रान्समध्ये पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाड्यांचे ध्वनिमुद्रित आवाज जुळवून एक रचना सिद्ध केली. अमेरिकेत वेंडी कार्लोस यांनी १९७२ मध्ये 'सॉनिक सीझनिंग्ज' ही दोन तबकड्यांची कृती प्रसिद्ध केली. तिच्या चार बाजूंवर चार ऋतू आहेत; पक्षी, मेघगर्जना, कीटक, लाटा आणि लांडग्यांचे ओरडणे यांच्याशी मूग सिंथेसायझरचे स्वर एकजीव केलेले आहेत. इंग्लंडचे ब्रायन ईनो यांनी १९८२ च्या 'ऑन लँड' या संग्रहात बेडूक, कीटक व कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांचे आवाज योजले. त्यातील काही रचनांना त्यांच्या जन्मप्रांताच्या, सफोकच्या, किनाऱ्यावरील ठिकाणांची नावे आहेत. अशा संगीतात चाल कमी आणि स्थळ अधिक असते. ऐकणाऱ्यास एका जागी नेऊन बसविणे, हेच त्याचे प्रयोजन.

दुसरी समजूत मात्र महाग पडू शकते. पाऊस कोणाच्याच मालकीचा नसतो. पावसाचे ध्वनिमुद्रण असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याच्या निर्मात्याकडे असतो आणि तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनी उतरवून घेता येतो म्हणजे तो वापरण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही.

सुदैवाने अधिकारासह ध्वनी देणारी भांडारे आहेत. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेले 'फ्रीसाउंड' हे त्यांतील प्रमुख. तेथे प्रत्येक ध्वनीसोबत त्याचा परवाना लिहिलेला असतो. 'सीसी झीरो' असेल तर कोणतीच अट नाही. 'अॅट्रिब्यूशन' असेल तर ध्वनिमुद्रकाचे नाव देणे बंधनकारक आहे. 'नॉन-कमर्शियल' असेल तर कमाईच्या कामात तो ध्वनी वापरता येत नाही. बीबीसीनेही २०१८ मध्ये आपल्या संग्रहातील १६,००० हून अधिक ध्वनी खुले केले. पण ते वैयक्तिक वापर, शिक्षण व संशोधन यांसाठी. व्यापारी वापराचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. 'फुकट' आणि 'मुक्त' यांतील हा फरक मालाच्या व्यवहारात मुरलेल्या आपल्या घरांना समजावून सांगावयास नको.

आणखी एक सावधगिरी हवी. भांडारात ध्वनी ठेवणाऱ्याने तो स्वतः मुद्रित केला आहे काय, हे त्याच्या वर्णनावरून पाहावे. कोणा चित्रपटातून उचललेला तुकडा 'मुक्त' म्हणून ठेवला, तरी तो मुक्त होत नाही. देणाऱ्याकडेच हक्क नसेल, तर घेणाऱ्याकडे तो येणार कोठून? तारण घेताना बँक मालकीच्या कागदांची साखळी पाहते, तिचे कारण हेच.

सर्वांत निर्वेध ध्वनी म्हणजे स्वतः मुद्रित केलेला. साधा मोबाइलही आरंभास पुरतो. वाऱ्याचा फडफडाट टाळण्यासाठी आडोसा तेवढा शोधावा. मुद्रण निदान दोन-तीन मिनिटांचे असावे. दहा सेकंदांचा तुकडा पुनःपुन्हा फिरविला, तर कान ती पुनरावृत्ती लगेच पकडतात. तुकड्याची दोन्ही टोके एकमेकांत हळूहळू मिसळावीत. सुमारे १०० हर्ट्झखालचा घुमारा फिल्टरने काढून टाकावा. तेथे सिंथेसायझरच्या खर्जास मोकळी जागा लागते. पावसाचा आवाज इतका मंद ठेवावा की तो वेगळा जाणवू नये, पण काढून घेतल्यास उणीव भासावी. वारा व लाटा तर सिंथेसायझरमध्येच घडविता येतात. त्यातील 'नॉइज' हा सळसळता ध्वनी फिल्टरमधून सोडून तो फिल्टर सावकाश उघडमीट केला की लाट येते आणि ओसरते.

या सर्वांस एका वहीची जोड हवी. ध्वनीचे नाव, तो कोठून व कोणत्या तारखेस घेतला, मुद्रकाचे नाव, परवान्याचा प्रकार आणि कोणत्या रचनेत वापरला, असे पाच रकाने पुरेत. परवान्याच्या पानाचे चित्रही सोबत जपावे. पुढे एखादी रचना जाहिरातीसाठी वा चित्रपटासाठी घेतली गेली, तर अशा करारांत बहुधा एक कलम असते: यातील प्रत्येक ध्वनी वापरण्याचा अधिकार मजकडे आहे आणि दावा निघाल्यास भरपाई मी देईन. ही जामिनकीच होय. चाळीस ध्वनींतील एकाचाही हिशेब लागत नसेल, तर त्या कलमाखाली सही करणे धोक्याचे. सहीच्या दिवशी आठवणीवर विसंबून चालत नाही. नोंद ज्या दिवशी ध्वनी घेतला त्याच दिवशी व्हावयास हवी, जसा रोजमेळ त्याच रात्री मिळवितात.

म्हणून पालकांस विनंती अशी की, मुलांना 'हे काय चालले आहे?' असे विचारण्याऐवजी 'वही दाखव' असे म्हणावे. रकाने कसे आखावेत हे आपण सांगावे आणि त्या संगीतात मागे काय वाजते आहे, ते त्यांच्याकडून ऐकून घ्यावे.